बँकॉकमध्ये घर कुठे घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही बँकॉकला आलोय. सध्या कंपनीच्या तात्पुरत्या फ्लॅटमध्ये आहोत, आता भाड्याचं घर ठरवायचंय. माझं ऑफिस फ्रा राम ९ भागात आहे.

पहिला पर्याय ऑन नट. घरं प्रशस्त, खाली भाजीबाजार. पण बीटीएसने (पुलावरून धावणाऱ्या रेल्वेने) आसोकपर्यंत यायचं, तिथे बाहेर पडून एमआरटीचं (मेट्रोचं) वेगळं भाडं भरायचं. शिवाय बघितलेली इमारत सोईच्या (इथे गल्लीला ‘सोई’ म्हणतात) पार आत आहे. स्टेशनपर्यंत नारिंगी जाकिटवाले मोटारसायकलवाले नेतात, सकाळी त्यांच्याकडे रांग असते. परवा संध्याकाळी पाऊस झाला आणि गल्लीत घोट्याच्या वर पाणी! सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काय होत असेल, याची मला खरंच काळजी वाटते.

दुसरा पर्याय रामखामहेंग, सेन सेप कालव्याच्या बोटीने. बोट मला फार आवडली. ट्रॅफिकची भानगड नाही, भाडंही कमी. पाणी उडायला लागलं की कडेचे लोक दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतात. पण धक्क्यावर बोट नीट थांबतच नाही, चटकन चढावं लागतं. साडी किंवा लॅपटॉपची बॅग असताना रोज जमेल का?

इथे राहणाऱ्यांनी कृपया सांगा: पावसाळ्यात यातलं कुठलं सोयीचं? ऑफिसजवळच्या हुआय ख्वांगला भाडं जास्त देऊन एमआरटीजवळच राहावं का? आणि घर बघताना सोईत पाणी तुंबतं का, हे कुणाला विचारायचं?