प्रिन्सिपल आणि स्टेशनरी: उच्चार एक, स्पेलिंग दोन

प्रश्न: पतसंस्थेतील लिपिक

आमच्या पतसंस्थेतून कर्जदारांना आणि लेखापरीक्षकांना जाणारी इंग्रजी पत्रे तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. मसुद्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात. मुद्दल या अर्थाच्या ‘प्रिन्सिपल’च्या शेवटी पी-ए-एल ऐवजी पी-एल-ई येते आणि मुद्दलाचे तत्त्व होऊन बसते. कागद-पेनांच्या मागणीपत्रात ‘स्टेशनरी’चे स्पेलिंग ‘स्थिर’ या अर्थाचे असते. ‘अफेक्ट’ आणि ‘इफेक्ट’ यांची तर कायमच अदलाबदल होते. संगणक यांपैकी कशाखालीही लाल रेघ ओढत नाही, कारण दोन्ही स्पेलिंगे त्याच्या कोशात बरोबरच असतात. मराठी माध्यमात शिकलेल्या सहकाऱ्यांना जोड्यांची यादी पाठ करायला देऊन पाहिली, तरी ऐन लिहिताना गोंधळ होतोच. मुळात एकाच उच्चाराला दोन स्पेलिंगे का असावीत, आणि ती वेगळी ओळखण्याची खात्रीची रीत कोणती?

उत्तर: मुद्रितशोधक

एका उच्चाराची दोन रूपे आपल्याला नवी नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुर’ आणि ‘सूर’, ‘सलिल’ आणि ‘सलील’ हे शब्द बोलताना आपण फारसे वेगळे करत नाही, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर दिवसाचा दरिद्री होतो. इंग्रजीत अशा जोड्या पुष्कळ आहेत इतकेच, आणि त्यांची कारणे दोन परस्परविरुद्ध दिशांनी येतात.

पहिले कारण असे की, कित्येक शब्दांचे उच्चार एके काळी खरोखरच वेगळे होते. विल्यम कॅक्सटनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला तो १४७६ मध्ये, आणि त्यानंतर स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले. त्याच शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र सरकत राहिले. ‘भेटणे’ या अर्थाचा दोन ई असलेला ‘मीट’ आणि ‘मांस’ या अर्थाचा ई-ए असलेला ‘मीट’ यांचे स्वर पूर्वी निराळे होते. पुढे ते एक झाले, पण छापील रूपे जुनीच राहिली. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला आरंभीचा ‘के’ही पूर्वी उच्चारला जात असे.

दुसरे कारण याच्या नेमके उलट आहे: मूळ एकच, आणि स्पेलिंग मागाहून दुभंगलेले. फूल आणि पीठ या दोन अर्थांचे ‘फ्लावर’ आणि ‘फ्लार’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन उपयोग होते, कारण दळलेल्या धान्याचा सर्वांत बारीक, उत्तम भाग म्हणजे त्याचे ‘फूल’. आपल्या ‘स्टेशनरी’चेही तसेच आहे. मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या आसपास एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला, फिरत्या विक्रेत्याहून वेगळा म्हणून, ‘एका जागचा’ या अर्थाने स्टेशनर म्हणू लागले, आणि त्याच्या दुकानातला माल तो स्टेशनरी. तेव्हा दोन्ही ‘स्टेशनरी’ सख्खी भावंडेच आहेत. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. या तिन्ही ठिकाणी शेवट ई-आर-वाय असा होतो. थांबलेल्या वाहनाचे वर्णन करणारे विशेषण मात्र ए-आर-वाय.

‘प्रिन्सिपल’साठी मराठीतूनच एक कसोटी लावता येते. अर्थाच्या तळाशी ‘मुख्य’ असेल तर शेवटी ए-एल. मुद्दल म्हणजे मुख्य रक्कम आणि कॉलेजचे प्राचार्य म्हणजे मुख्य अध्यापक. ‘मुख्य कारण’ म्हणतानाही हेच रूप येते. पी-एल-ई असा शेवट असलेला शब्द केवळ नाम म्हणूनच वापरला जातो आणि त्याचा अर्थ तत्त्व किंवा नियम एवढाच असतो. पतसंस्थेच्या पत्रांत त्याचे काम क्वचितच पडेल.

उत्तर: निवृत्त शिक्षिका

वरील विवेचन योग्य आहे, परंतु त्यात एक भेद राहून गेला आहे. काही जोड्या इंग्रजांच्याही तोंडी एकसारख्या असतात, आणि काही केवळ आपल्या तोंडी एकसारख्या होतात. ‘हरवणे’ आणि ‘सैल’ हे अर्थ घ्या. आपण ‘नट लूज झाला’ असे म्हणतो आणि लिहितो, पण इंग्रजीत सैल असलेल्या त्या दोन ओ-वाल्या शब्दाच्या शेवटी स्पष्ट ‘स’ आहे. एकच ओ असलेल्या, ‘हरवणे’ या अर्थाच्या क्रियापदात तो घोष, म्हणजे झ-सारखा, होतो. ‘ॲडव्हाइस’ या नामात सी आहे व उच्चार ‘स’चा आहे, तर सल्ला देण्याच्या क्रियापदात एस असूनही उच्चार झ-कडे झुकतो. येथे कान तयार झाला की स्पेलिंग आपोआप सुधारते.

‘व’ची अडचण याहून अवघड आहे. इंग्रजी व्ही उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू उच्चारताना नुसते ओठ गोल होतात, आणि आपला ‘व’ या दोहोंच्या मधोमध बसतो. मराठीने व्हॅन, व्होट असे ‘व्ह’ लिहून व्ही वेगळा दाखवण्याचा प्रयत्न केला खरा, पण व्हील आणि व्हाइट यांतही आपण तोच ‘व्ह’ लिहितो, आणि तेथे तर डब्ल्यू-एच आहे. त्यामुळे समुद्रातला व्हेल आणि चेहऱ्यावरचा बुरखा या अर्थाचा व्हेल देवनागरीत अगदी एकसारखे दिसतात. अशा शब्दांत देवनागरी रूपावर भिस्त ठेवू नये.

जोड्यांची यादी पाठ करून घेण्याची पद्धत मला मान्य नाही. सारखे दिसणारे दोन शब्द शेजारी ठेवून घोकले की मनात दोन्ही एकत्रच येतात आणि गोंधळ पक्का होतो. त्याऐवजी प्रत्येक शब्द त्याच्या नेहमीच्या सोबत्यांसह शिकवावा. ‘विथ इफेक्ट फ्रॉम’ हा कार्यालयीन वाक्प्रचार सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात ई-वाला शब्द नाम आहे. परिणाम करणे हे क्रियापद ए-वाले. अपवाद एवढाच की, ‘घडवून आणणे’ किंवा ‘पार पाडणे’ या अर्थी ई-वाला शब्दही क्रियापद होतो, आणि रक्कम अदा केली असे सांगणाऱ्या पत्रांत तो हमखास आढळतो. अशा वाक्यात तो बदलून ए-वाला करू नये.

उत्तर: विधी अनुवादक

‘काउन्सिल’ हा शब्द यादीत हवाच. विधान परिषद म्हणजे सी-आय-एल असा शेवट असलेले काउन्सिल आणि पक्षकाराचा वकील एस-ई-एल असलेला. पहिला लॅटिनमधील सभेच्या शब्दातून आला, दुसरा सल्ल्याच्या. त्यामुळे कायद्याच्या इंग्रजीतला नगरसेवक आणि शाळेतला समुपदेशक हे दोघेही आपल्या कानाला ‘काउन्सिलर’च वाटतात. अनुवादात मूळ स्पेलिंग न पाहता पुढे जाऊ नये.

सी आणि एस यांच्या बाबतीत आपले कायदे ब्रिटिश वळणाचे आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकाचे ‘लायसन्स’ हे नाम शेवटी सी-ई घेते, आणि १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात वकिली करण्याच्या हक्कासंबंधीचे ‘प्रॅक्टिस’ हे क्रियापद एस घेते. अमेरिकी पद्धतीत पहिल्या शब्दाला सर्वत्र एस आणि दुसऱ्याला सर्वत्र सी चालतो, त्यामुळे संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवलेली असेल तर तो बरोबर शब्दही चुकीचा दाखवील. प्रश्नकर्त्यांनी ती मांडणी आधी तपासावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आमच्या संगणकावरील मांडणी अमेरिकीच निघाली, ती बदलली आहे. वार्षिक अहवालाच्या प्रती ‘सप्रेम भेट’ म्हणून पाठवतो, त्यावरील ‘कॉम्प्लिमेंटरी’ या शब्दात आय की ई?

मुद्रितशोधक

आय. तो प्रशंसा आणि सदिच्छा यांचा शब्द आहे, आणि विनामूल्य प्रतीलाही तोच लागतो. ई-वाला शब्द पूर्ण करणाऱ्या गोष्टीचा. ‘कम्प्लीट’मध्ये एल-नंतर जो ई आहे, तोच त्यातही एल-नंतर आहे. शिक्का करून घेणार असाल तर मजकूर हाती लिहून द्या, फोनवरून सांगू नका.