पोराला भारताच्या फुटबॉल टीमच्या नादी लावावं का?

राखीव_खेळाडू, कर्वेनगर (१७ ऑक्टोबर २०२५)

आधीच सांगतो, हा धागा मेस्सी-रोनाल्डोचा नाही. आपल्या भारताच्या टीमचा आहे. ज्यांना इथेच हसू फुटलं त्यांनी हसून घ्या, मी थांबतो.

मंगळवारी फातोर्ड्याला होतो. मी आणि चिरंजीव, वय वर्षे तेरा. सहामाहीचा शेवटचा पेपर सोमवारी संपला आणि रात्री नवले पुलावरून गोव्याची स्लीपर पकडली. चकलीची भाजणी दळून आणायचं काम माझ्याकडे होतं, ते राहिलं. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

सिंगापूरला हरवलं असतं तर २०२७ च्या आशिया कपची थोडीतरी धुगधुगी राहिली असती. पाचच दिवस आधी त्यांच्या घरी आपण दहा जणांनी खेळत असताना रहीम अलीने अगदी शेवटी बरोबरी करून दिली होती, त्यामुळे मी जरा चढलोच होतो. बसमध्ये पोराला म्हणालो, बघ, उद्या इतिहास घडणार.

सुरुवात तशीच झाली. छांगतेने लांबून असा काही हाणला की शेजारच्या गोंयकार काकांनी माझ्या पोराला सरळ उचलून घेतलं. ओळख ना पाळख. मग हाफटाइमच्या तोंडावर बरोबरी झाली, आणि हाफटाइमनंतर जरा बूड टेकतोय तोवर दुसरा बसला. दोन्ही एकाच माणसाने मारले, साँग उइ-यंग. १-२. संपलं. आशिया कप सौदीत होईल आणि आपण तो टीव्हीवर बघू. नाहीतर नाही बघणार.

पोरगं रडलं नाही. रडलं असतं तर मला काय करायचं ते माहीत होतं, सराव आहे. त्याने बसमध्ये माझा मोबाइल मागून घेतला, बराच वेळ काहीतरी वाचलं आणि विचारलं, "बाबा, जपानच्या मॅच कुठे दिसतात?" त्याच दिवशी जपानने ब्राझीलला ३-२ हरवलं होतं, तेही दोन गोलांनी मागे असताना. म्हणजे नशिबाने वेळसुद्धा कशी साधावी!

आता खरी गोष्ट. माझ्याकडे एक लांबडी वही आहे, वाण्याकडे उधारीला असते तसली. तिच्यात मी भारताची प्रत्येक मॅच लिहितो: तारीख, गाव, स्कोअर, गोल कोणी मारले, मी कुठे बसून बघितली. पहिली नोंद ८ ऑक्टोबर २०१०, बालेवाडी. भारत ३, व्हिएतनाम १, तिन्ही गोल छेत्रीचे. तेव्हा बालेवाडी म्हणजे परगावच. मित्राच्या स्कूटरवर मागे बसून गेलो आणि येताना घसा बसला होता. पाच दिवसांनी तिथेच येमेनने आपल्याला सहा मारले. ६-३. शहाणा माणूस तिथेच वही बंद करता. मी पुढचं पान आखलं.

जून २०१८ पण आहे त्यात. कप्तान सुनील छेत्रीने व्हिडिओ टाकला होता, शिव्या द्या पण मैदानात येऊन द्या, अशा अर्थाचा. त्याआधीच्या तैपेईच्या मॅचला अंधेरीत जेमतेम अडीच हजार माणूस होतं. मी हाफ डे टाकून बोरिवलीच्या बसने गेलो. केनियाविरुद्ध, त्याची शंभरावी मॅच, धो धो पाऊस, मैदानात तळी, बॉल टाकला की जागच्या जागी थांबतोय. ३-० जिंकलो. पहाटे घरी आलो तेव्हा बूट फेकून द्यावे लागले. त्या पानावर अजून पाण्याचा डाग आहे.

तर बुधवारी पोराने ती वही मागितली. मला बरं वाटलं. तासाभराने बाहेर आला, हातात कॅल्क्युलेटर. "बाबा, २०२४ मध्ये अकरा मॅच आणि एकही जिंकलेली नाही. तू वहीपण उधारीचीच घेतलीयेस. वसुली कुठेय?"

आई आतून हसली. त्याची, माझी नाही.

तेव्हापासून विचार करतोय. मी माझ्या मर्जीने यात पडलो. त्याला मी ओढतोय. त्याच्या वर्गातली मुलं सिटी, माद्रिद, बार्सिलोना करतात, निदान सोमवारी शाळेत तोंड वर करून जातात. जपान तर जपान, आनंदात तरी राहील. तुमच्यापैकी कोणी पोरांना या नादाला लावलंय का? की गप्प बसावं आणि एकट्याने भोगावं?

पर्वती_पायथा

मुलगा तुमच्यापेक्षा हुशार आहे, त्याचं ऐका. दीडशे कोटींतून अकरा जण सापडत नाहीत आणि तुम्ही वह्या आखताय. आणि भाजणी आणा आधी.

कोल्हापुरी_ठसका, सध्या हिंजवडी

पायथाभाऊ, ते दीडशे कोटीचं तुणतुणं बंद करा बघू. दीडशे कोटी खेळतात होय? खेळणारी मोजा, त्यातली वर्षाला वीस-पंचवीस मॅच मिळणारी मोजा, मग बोला. पोरगं चौदाव्या वर्षापर्यंत खेळतंय, पुढं दहावी आली की बूट माळ्यावर. आमच्या गल्लीतली निम्मी टीम अशीच गेली, मी धरून.

राखीवदादा, तुमचं एक चुकलंय. पोराला तुम्ही डायरेक्ट देश दिला. आधी पेठ द्यायची असती. आमच्याकडं पेठांच्या तालमी म्हंजेच फुटबॉलचे क्लब, त्यातली पाटाकडील-खंडोबा मॅच असली की शाहू स्टेडियमला पाय ठेवायला जागा नसती. पोरगं पहिल्यांदा आज्जाच्या खांद्यावरनं बघतंय. माझं घर शिवाजी पेठेत, म्हणजे मी कुठला हे मला कुणी विचारलंच नाही, जन्माला आलो तवाच ठरलं. हरलं की आठ दिवस दुसऱ्या पेठेतनं गाडी न्यायची सोय नाही, सगळी टपलेली असत्यात. पण कुणी "चला, आता दुसरी तालीम धरू" असं म्हणतंय का? म्हणून तर बघा, तो म्हणाला तर त्याचा बा त्याला घरात घेईल का?

गंमत सांगतो. आमच्या अनिकेत जाधवनं २०१७ ला १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला तवा अख्खं कोल्हापूर टीव्हीम्होरं. अमेरिकेनं तीन मारलं, घानानं चार मारलं, कोलंबियाशी आपल्या जॅक्सननं एक परत केला. तीन मॅच, तीन हार. आणि आम्ही काय बघत होतो? आपला अन्या आत हाय का बाहेर हाय. तुमच्या पोराला त्या टीममधलं कुणी आपलं वाटतंय का, ते बघा. नुसतं तिरंग्यावर किती दिवस ओढणार?

पुण्यात तालीम नाही हे मान्य. पण लीगच्या मॅच असत्यात की. एसएसपीएमएसच्या ग्राउंडवर, कॅम्पात, खडकीत. तिकीट न्हाई, कडंला उभं राहायचं. एक टीम धरा दोघांनी मिळून. रडकी धरली तरी चालेल, तुम्हाला सवय हाय.

खडकीकर_आजोबा

माझे वय ७९. नातवाने टंकून दिले आहे, शुद्धलेखनाच्या चुका त्याच्या.

१९६२ च्या सप्टेंबरात मी सोळा वर्षांचा होतो. जकार्त्याला आपण आशियाई सुवर्ण जिंकलो, कोरियावर २-१. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग. जर्नेल हा मुळात बचावपटू, त्यात डोक्याला टाके घातलेले. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवले आणि त्याने गोल केला. रहीमसाहेब हैदराबादचे, पेशाने शिक्षक. त्यांना तेव्हाच कर्करोगाने गाठले होते, पुढच्या वर्षी गेले. हे सर्व मी दुसऱ्या दिवसापासून मिळेल त्या वर्तमानपत्रात वाचून काढले.

हे का सांगतो? तर हे मुलाला सांगू नका, हे सांगण्यासाठी. मी माझ्या मुलाला हेच ऐकवीत राहिलो. मेलबर्नला १९५६ साली आपण चौथे आलो, नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल मारले, वगैरे. प्रत्येक पराभवानंतर त्याला ही कॅसेट ऐकावी लागे. शेवटी तो म्हणाला, "दादा, तुमचं झालं ते झालं. आमच्या वाट्याला काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तो टेबल टेनिस खेळू लागला, बरा खेळे.

तुमची वही मात्र २०१० पासून आहे. ती तुमची स्वतःची आहे, ऐकीव नाही. ती खुशाल दाखवा.

ता. क. १९५० च्या वर्ल्ड कपला अनवाणी खेळू दिले नाही म्हणून आपण गेलो नाही, ही लोणकढी कोणी इथे आणायच्या आत सांगतो. तेव्हा आपल्या लोकांना ऑलिंपिक मोठे वाटे, वर्ल्ड कपची मातब्बरीच कळली नव्हती.

दोन_वेण्या_आणि_स्टड्स, बाणेर

सगळ्यांचं वाचलं. दादा, आजोबा, ठसका, सगळेच. एक विचारू? "भारताची टीम" म्हणता तेव्हा दुसरी पण एक आहे हे कोणाच्या लक्षात आहे का?

१० जूनला हाँगकाँगमध्ये शेवटच्या मिनिटांत पेनल्टी देऊन आपण हरलो, तेव्हा इथे केवढा शोक चालला होता. त्यानंतर महिनाही झाला नव्हता. ५ जुलैला चियांग माईत मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशिया कपला जाण्याची ही आपल्या मुलींची पहिलीच वेळ. त्याआधी २०२२ ला यजमान म्हणून जागा होती, तर कोरोनाने टीमच उभी राहू शकली नाही आणि स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. त्या स्पर्धेची सेमीफायनल आपल्या बालेवाडीत झाली. चीन आणि जपान. आपण नव्हतो.

माझी लेक अकरा वर्षांची आहे, लेफ्ट बॅक खेळते. चियांग माईची मॅच तिने सोफ्यावर उभं राहून बघितली. राखीवदादा, तुमच्या वहीत ५ जुलै आहे का? नसेल तर मुलाचा हिशेब बरोबर कसा येईल? निम्मी जमा बाजू लिहिलेलीच नाही तुम्ही.

राखीव_खेळाडू

ताई, नाही. ५ जुलै नाही. बोललात ते लागलं. आज रात्री पान चिकटवतो.

ठसकादादा, रविवारी एसएसपीएमएसला जाऊन आलो. पोरगं आलं नाही, क्लास होता. मी निळ्या शर्टवाल्यांना धरलं. ०-४.

पायथासाहेब, भाजणी आणली.

राखीव_खेळाडू (१९ नोव्हेंबर २०२५)

काही जणांनी निरोपात विचारलं म्हणून धागा वर आणतोय.

काल ढाक्याला बांगलादेशने १-० हरवलं. अकराव्या मिनिटाला गोल खाल्ला आणि उरलेला वेळ आपण नुसते त्यांच्या गोलभोवती पिंगा घालत होतो. बावीस वर्षांनी हरलो त्यांच्याकडून. सप्टेंबरात याच कोच खालिद जमीलने मध्य आशियाई देशांच्या स्पर्धेत ताजिकिस्तानला त्यांच्या मैदानात हरवून, ओमानला पेनल्टीवर काढून तिसरा नंबर आणला होता, तेव्हा मी वहीत दोन उद्गारचिन्हं दिली होती. ती आता खोडावी का, हा प्रश्न आहे.

पोरगं मॅच बघत नव्हतं. आतल्या खोलीत बीजगणित चाललं होतं, दार लोटलेलं. मी मोबाइल कपाला टेकवून, आवाज बारीक करून बसलो होतो. गोल झाला तेव्हा मी काहीच बोललो नाही, खरंच नाही. आतून आवाज आला, "ऑफसाइड नव्हता का?"

मॅच संपल्यावर नोंद करायला वही काढली. पाच-सहा पानांवर पेन्सिलीचं अक्षर, माझं नाही. येमेनच्या पानावर नुसतं "सहा??". ताईंच्या ५ जुलैच्या चिकटवलेल्या पानावर संगीताच्या दोन्ही गोलांची मिनिटं भरलेली. आणि ६ जानेवारी २०१९, अबू धाबी, थायलंडला ४-१, माझं सगळ्यात लाडकं पान. छेत्री दोन, थापा एक, जेजे एक, असं मी लिहिलं होतं. छेत्रीच्या पहिल्या गोलापुढे कंसात "पे." घातलंय आणि समासात लिहिलंय, "पेनल्टी होती. नीट लिहीत जा."

सकाळी डबा भरताना त्याने विचारलं, मार्चमधली हाँगकाँगची मॅच कुठे आहे. त्या मॅचला आता काही अर्थ उरलेला नाही, असं मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, ते माहितीये, कुठे आहे ते विचारलं.