रुग्णालयात वाट दाखवायला काय बरं: फरशीवरच्या रंगीत पट्ट्या की डोक्यावरच्या पाट्या?

पट्टीवाला: मोठ्या रुग्णालयात नवखा माणूस घाबरलेला असतो, तो पाट्या वाचत बसत नाही. दारापासून एक्स-रेपर्यंत निळी पट्टी, प्रयोगशाळेपर्यंत पिवळी. "निळी धरून चला" म्हटलं की काम झालं, वाचता येत नसलं तरी. निम्म्या पाट्या काढून टाका.

काळंपांढरं: तीन विभागांना जमेल, सातांना नाही. चारच्या पुढे रंगांना नावं पुरत नाहीत, "पोपटी की हिरवी?" इथेच माणूस अडतो. त्यात हिरवा तर नकोच. आयएसओ ७०१० या सुरक्षा चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो संकटात बाहेर पडण्याच्या वाटेचा रंग. गर्दीत पट्टी पायांखाली जाते. आणि विभाग हलवून पट्टी खरवडली की डाग उरतो. लोक डागामागेही जातात!

पट्टीवाला: डाग चिकटवलेल्या विनाइलचा. ओल्या पोछ्याने त्याच्या कडा सुटतात, हे मान्य. नवीन इमारतीत १०० मिमी रुंद रंगीत फरशीच बसवा, प्रत्येक वळणावर पट्टीतच विभागाचं नाव घाला.

शिरोरेषा: पाट्या वाचल्या जात नाहीत, कारण त्या वाचण्याजोग्या नसतात. वाचणारा जितका लांब, त्यातल्या दर साडेसात मीटरला २५ मिमी अक्षराची उंची, हा ठोकताळा रोमन कॅपिटलचा. आपल्याकडे पाटी रंगवणारा वेलांटीच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजतो, मग मूळ अक्षर बारीक होतं. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजा, ओळींत जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. पृष्ठभाग मॅट हवा. चकचकीत पाटीत फक्त ट्यूबलाइट दिसते.

बाणांचं तर विचारूच नका. वरचा बाण म्हणजे सरळ, पण जिन्यापाशी तोच "वरच्या मजल्यावर" असा वाचला जातो. तिथे तिरका बाण आणि जिन्याचं चित्र द्या. उजवीकडचा बाण पाटीच्या उजव्या टोकाला, नावाच्या डाव्या अंगाला नको. एका पाटीवर पाचापेक्षा जास्त नावं नकोत. कागदावर खऱ्या मापात छापून आठवडाभर चिकटवा, मगच पक्की करा.

पट्टीवाला: ठीक, पट्ट्या तीनच, तातडीच्या विभागाला धरून. पाट्या निम्म्या करण्यावर मात्र मी ठाम आहे.

काळंपांढरं: मग लिफ्टचं काय? पट्टी दारापाशी तुटते, आणि चौथ्या मजल्यावर बाहेर पडलेल्याला समोर पाटीच लागते.