न्यूयॉर्कमधलं 'गुड हाउसकीपिंग'चं टेस्ट किचन कुणी पाहिलंय का?

खवय्यी: मुलीकडे जर्सीला आलेय, हर्स्ट टॉवरमधे या मासिकाचं टेस्ट किचन आहे म्हणे, आत काय असतं?

जर्सीकर: काकू, मी ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलेलो. रेसिपी छापायच्या आधी तीन-तीनदा करून बघतात, मैद्याचा कप सुरीच्या पाठीने सपाट करून मोजतात, अंदाजपंचे काहीच नाही, मला तर तिथून निघवेना!

नीलाक्का: मासिक १८८५ चं, प्रयोगशाळा १९०० पासून आणि ते प्रसिद्ध सील, म्हणजे तपासून पसंत केलेल्या वस्तूंना मिळणारा त्यांचा शिक्का, १९०९ चं. घरकामाला इतक्या आधी कुणीतरी एवढं महत्त्व दिलं याचंच मला फार अप्रूप वाटतं. वॉशिंग मशीन, व्हॅक्युम क्लीनर तपासतात त्या लॅब पण बघा हं.

खवय्यी: थँक्यू! आधी फोन करून विचारते.