मदत हवी आहे: पार्किंग एकच, जुनी डिझेल काढून इलेक्ट्रिक घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, गाड्यांचं वेड जुनं आहे, त्यामुळे 'ॲव्हरेज किती देते' एवढ्यावर माझं भागत नाही. सध्या 2013 ची फियाट पुंटो आहे, 1.3 मल्टीजेट डिझेल इंजिन, 90 अश्वशक्तीवाली. दोन हजार आरपीएमखाली पेंगते, त्यावर गेली की अंगात आल्यासारखी पळते. हायड्रॉलिक स्टिअरिंग असल्यामुळे रस्ता कसा आहे ते हाताला कळतं. आजच्या गाड्यांत ती मजा मला तरी सापडलेली नाही.

पण रोजचं जाणं कोथरूड ते हिंजवडी. भूमकर चौकात डावा पाय क्लचवर आणि तिसरा गिअर टाकायची संधीच नाही. तिथे ही गाडी चालवणं म्हणजे पहिलवानाला पोळ्या लाटायला बसवणं. शिवाय 2028 मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होतील, मग आरटीओत फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर.

नवी डिझेल नको. बीएस-6 डिझेलमध्ये डीपीएफ (धुरातली काजळी अडकवणारा फिल्टर) असतो, आणि रोज शहरात रांगत चालवली की तो काजळीने भरतो. पेट्रोल ऑटोमॅटिकची रोजच्या ट्रॅफिकमधली तहान बघवत नाही. राहता राहिली इलेक्ट्रिक. टाटाची नेक्सॉन ईव्ही 45 (म्हणजे 45 युनिटची बॅटरी) आणि एमजीची विंडसर, दोन्ही चालवून पाहिल्या. शहरात तोड नाही. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी स्वतः मंदावते, ब्रेकला पाय क्वचितच लागतो. मात्र वजन जाणवतं, आणि एसीचं तापमान बदलायला रस्त्यावरची नजर पडद्याकडे न्यावी लागते हे मला अजिबात पटत नाही.

आता खरी अडचण. सोसायटीत पार्किंग एकच, म्हणून दोन्ही ठेवता येणार नाहीत. मीटर रूमपासून माझी जागा चाळीसेक मीटर लांब, आणि सेक्रेटरी म्हणतात, "आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील." आईवडील चिपळूणला असतात. पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट असा आमचा रस्ता. रेंजचे व्हिडिओ भरपूर पाहिलेत, ते कृपया नकोत. वायरिंग, सोसायटी आणि घाट, यावर ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं.

— तिसरा गिअर

फ्यूजवाला: इलेक्ट्रिकल कंत्राटं घेतो म्हणून लिहितो. तुमचं रोजचं जाणं-येणं 35-40 किमी धरलं तर दिवसाला साधारण 6-7 युनिट. 16 अँपिअरच्या सॉकेटवर 3.3 किलोवॉटने दोन-सव्वादोन तासांत भरपाई होते. रात्रभर वेळ असताना 7.2 किलोवॉटच्या वॉल चार्जरचा हट्ट कशाला? चाळीस मीटरसाठी तांब्याची 6 चौरस मिमी केबल टाका, 4 च्या खाली तर जाऊच नका. स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की तुटणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) आणि स्वतःचा अर्थिंग पिट करा. अर्थिंग कच्चं असलं की चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि लोक गाडीला दोष देतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. घरातला साधा 16 अँपिअरचा प्लग गिझरसाठी ठीक, पण तो वीस मिनिटं चालतो. गाडी तासन्‌तास 14 अँपिअर ओढते. पहिल्या रात्री अर्ध्या तासाने प्लग टॉपला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर बंद करा. औद्योगिक सॉकेट लावलेलं बरं.

सोसायटीग्रस्त: सेक्रेटरींचं "सगळे मागतील" हे आमच्याकडेही ऐकलंय. वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये दुरुस्ती झाली आहे, चार्जिंगसाठी ग्राहक स्वतंत्र जोडणी मागू शकतो. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी बोलण्यात अर्थ नाही. घरच्याच मीटरवरून घेतलंत तर दर घरगुती लागतो, पण युनिट वाढून वरच्या स्लॅबमध्ये जाल. वेगळ्या मीटरला कोणता दर लावतील ते महावितरणच्या उपविभागात आधी विचारा. आणि सेक्रेटरींना सांगा, उद्या सगळे मागणारच आहेत, तर केबल ट्रे आत्ताच मोठा टाकू.

कुंभार्लीकर: जाताना काळजी नाही. पुणे साडेपाचशे मीटरवर, चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला. घाट उतरताना रिजनरेशन (गाडी मंदावताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं) जोरावर ठेवा, बॅटरीत थोडी भर पडते आणि ब्रेकही तापत नाहीत. फक्त घाटमाथ्यावर बॅटरी 100 टक्के नको, भरलेल्या बॅटरीत रिजन जवळपास मिळतच नाही. कस लागतो परतीला. पण आईवडिलांच्या घरी 16 अँपिअरचा पॉइंट असेल तर बारा तासांत 35 युनिटच्या आसपास जातील, 45 च्या बॅटरीला तेवढं पुष्कळ झालं. पावसाळ्यात लाइट जाते हे धरून पोचल्या पोचल्या लावा, झोपताना नको.

अनुभवी गरीब: आणि इलेक्ट्रिक गाड्यांची टोलमाफी विसरलात का?

तिसरा गिअर: ती मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी आणि अटल सेतूवर. आमच्या वाटेवरचे खेड शिवापूर आणि आनेवाडी टोलनाके राष्ट्रीय महामार्गावर येतात, तिथे फास्टॅग वाजणारच.

अनुभवी गरीब: बरं. मग पुंटो चिपळूणला नेऊन ठेवा. हाय काय, नाय काय.

कुंभार्लीकर: कोकणात पावसाळाभर उभी गाडी? सीटवर बुरशी आणि वायरिंगला उंदीर. आठवड्याला कुणी वीसेक किमी फिरवणार असेल तरच विचार करा. मी तर म्हणेन, चांगल्या हातात विका.

तिसरा गिअर: सगळ्यांचे आभार. फ्यूजवाला, प्लगचं कुणीही सांगितलं नव्हतं, शोरूममध्ये तर नाहीच. चिपळूणला पंपासाठी 16 अँपिअरचा पॉइंट आहे, त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतो. बाबा अजून गाडी चालवतात आणि बाजारात रोज जातात, त्यामुळे पुंटो फिरती राहील. विकायचं सध्या मनात नाही, वेडेपणा म्हणा हवं तर.

सोसायटीचा अर्ज उद्या देतो. कुणाच्या सोसायटीने सामाईक केबल ट्रेचा खर्च सभासदांत वाटण्याचा ठराव केला असेल, तर त्याचा मसुदा कृपया व्यक्तिगत निरोपातून पाठवा. आमची सर्वसाधारण सभा तोंडावर आली आहे.