यानाच्या ब्रिजला, म्हणजे कप्तानाच्या नियंत्रण कक्षाला, काच हवी की भिंत?

धूमकेतू
काल्पनिक तारायानांत कप्तानासमोर भिंतभर काच असते आणि बाहेर तारे. दिसायला झकास, बांधायला वेडेपणा. आत पृथ्वीइतका हवेचा दाब ठेवला, तर काचेवर दर चौरस मीटरला सुमारे १० टन भार येतो. १० मीटर रुंद आणि ३ मीटर उंच काच म्हणजे ३०० टनांहून जास्त, तोही अष्टौप्रहर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या क्युपोलात, म्हणजे बाहेर बघायच्या घुमटात, सात खिडक्या आहेत. त्यांतली सगळ्यात मोठी, मधली, जेमतेम ८० सेंटिमीटर व्यासाची. तिलाही चार थर: आतला ओरखडे झेलायला, मधले दोन दाब पेलायला, बाहेरचा अवकाशातल्या कचऱ्याचा मार खायला. वर झडपा वेगळ्याच.
ब्रिज यानाच्या पोटात असावा, भोवती पाण्याच्या टाक्या आणि कोठारं. बाहेरचं दृश्य कॅमेऱ्यांतून घ्या. पाणबुड्यांचं खिडकीवाचून काही अडत नाही.

सांजतारा
असहमत. कॅमेरा, वायर, संगणक, पडदा, वीज: यातलं एक गेलं की कप्तान आंधळा. काचेला वीज लागत नाही.
अपोलो १३ ही चंद्रमोहीम (१९७०) आठवा. टाकीच्या स्फोटानंतर यानाभोवती तुकडे ताऱ्यांसारखे चमकत होते, त्यामुळे ताऱ्यांवरून दिशा पक्की करणं जमेना. वीज वाचवायला संगणकही बंद होता. मार्ग दुरुस्त करताना त्यांनी खिडकीतून पृथ्वी पाहिली आणि तिच्यावरच्या दिवस-रात्रीच्या सीमेशी निशाणीची रेघ जुळवून इंजिन चालवलं. असा प्रसंग पोटातल्या ब्रिजवर आला तर काय जुळवणार, टाकीची भिंत?

धूमकेतू
त्यासाठी भिंतभर काच लागली नाही, हेही लिहा की. अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानात वजन वाचवायला खुर्च्या काढून टाकल्या. चालक उभा राहिला, डोळा काचेजवळ आला, आणि लहानशा तिकोनी खिडकीतूनही भरपूर दिसू लागलं. काच मोठी करण्यापेक्षा डोळा जवळ न्या.

तिरपा_प्रकाश
खिडकीवाल्यांना तीन प्रश्न.
पहिला, बघणार काय? डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकंच बारीक दिसतं. १०० मीटर लांबीचं यान ३५० किलोमीटरवर गेलं की ठिपका. अवकाशातल्या झुंजीची अंतरं याच्या कितीतरी पट.
दुसरा, वेग. प्रकाशाच्या ९० टक्के वेगाने जाताना समोरून येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४.४ पट आखडते. ताऱ्यांचा दृश्य प्रकाश अतिनील होतो, अवरक्त प्रकाश दिसू लागतो आणि तारे पुढच्या बाजूला गोळा होतात. हे सगळं उलगडायला शेवटी संगणकच लागतो.
तिसरा कोणी विचारतच नाही: इंजिन जोर लावत असेल तर माणूस यानाच्या मागच्या बाजूकडे दाबला जातो, म्हणून यानाची पुढची बाजू म्हणजे माणसाची वरची बाजू. समोरची खिडकी छतात जाईल! कप्तान काय मान वर करून बसणार?

सांजतारा
तिसरा मुद्दा मान्य. दुसरा फक्त प्रवासापुरता खरा, गोदीला, म्हणजे स्थानकाला, लागताना वेग सेकंदाला काही सेंटिमीटर असतो. आणि पडद्यावर विसंबायचा परिणाम मीर या रशियन अंतराळ स्थानकावर दिसला. जून १९९७ मध्ये प्रोग्रेस मालयान स्थानकातून दूरनियंत्रणाने आणत होते. चालकासमोर प्रोग्रेसवरच्या कॅमेऱ्याचं चित्र, मागे ढगाळ पृथ्वी, त्यात स्थानक नीट उठून दिसेना. अंतर सांगणारा रडारही बंद होता. टक्कर झाली, स्थानकाच्या स्पेक्ट्र विभागाला भोक पडलं.

धूमकेतू
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या वेळी सोबती खिडक्यांतून प्रोग्रेस शोधतच होते, तरी ते अगदी जवळ येईपर्यंत सापडलं नाही. खिडकी चुकीच्या बाजूला असली की तीही आंधळीच. तिथे अंतराचा आकडा हवा होता.

काचकाम
दोघेही काचेवर उजेड काय करतो ते विसरलात. ब्रिजवर दिवे आणि पडदे झगमगत असतील तर काच आरसा होते. बाहेरचे तारे नाही, स्वतःचंच तोंड दिसतं. चित्रांतला लख्ख ब्रिज आणि मागे ठसठशीत तारे, हे एकत्र जमतच नाही. सूर्य समोर आला तर उलटी गत, बाहेरच्या उजेडानेच डोळे दिपतात.
माझी मांडणी: ब्रिज पोटात. गोदीच्या तोंडाशी एका माणसाची कोठडी, तिला ३० सेंटिमीटरची गोल खिडकी. हवेचा भार साधारण ७०० किलो, सहज पेलण्यासारखा. कोपरे नकोत, तडे तिथून सुरू होतात. आत मंद तांबडा दिवा, भिंती काळ्या. थरांमध्ये कोरडा वायू, नाहीतर धुकं धरेल. आतल्या आणि बाहेरच्या काचेवर एकेक मोजपट्टी कोरा. दोन्ही एका रेषेत दिसल्या की डोळा योग्य जागी आहे, मग कोन वाचा. अपोलोत उतरायची जागा अशीच पाहत. बाहेरचा थर बदलता यायला हवा. १९८३ मध्ये चॅलेंजर या अमेरिकन अंतराळयानाच्या खिडकीला रंगाच्या कपचीने खड्डा पाडला, ती कपची मिलिमीटरभरही नव्हती.

तिरपा_प्रकाश
प्रवासात कोठडीच्या खिडकीवर झडप घट्ट बंद ठेवा. प्रकाशाच्या दहा टक्के वेगाने एक ग्रॅमचा खडा आदळला तर सुमारे १०० टन टीएनटीचा स्फोट.

सांजतारा
त्या खड्यापुढे तुमची पोलादी भिंत तरी काय टिकणार? तो धोका खिडकीच्या खाती मांडू नका, तो पुढच्या ढालीचा प्रश्न.
काचकाम, कोठडी पटली, पण एक दुरुस्ती. वीज गेल्यावर लिफ्टही जाते. ब्रिजपासून कोठडीपर्यंत शिडीची सरळ नळी हवी, हाताने उघडणारी दारं हवीत आणि बोलायला विजेविना चालणारी बोलनळी. नाहीतर खिडकीतला माणूस ओरडेल "डावीकडे!" आणि कप्तानाला ऐकूच जाणार नाही.

काचकाम
बोलनळी चालेल, पण दोन्ही टोकांना झाकण हवं. कोठडीची हवा गेली तर त्याच नळीतून ब्रिजचीही जाईल.