मदत हवी आहे: स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर पिलाटीज

आईच्या डाव्या स्तनाची कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, काखेतले लिम्फ नोड्सही (लसीका ग्रंथी) काढले. रेडिएशन संपलंय. भिंतीवर बोटं चढवणं, काठी धरून हात वर नेणं हे फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम ती नेमाने करते. तरी हात खांद्याच्या वर गेला की काखेपासून कोपरापर्यंत दोरीसारखं काहीतरी ताणलं जातं. वरच्या फळीवरचा डबा अजून काढता येत नाही. सूज नाही. सर्जननी पिलाटीजला (पोट-पाठीचे स्नायू बळकट करणारे, सावकाश करायचे व्यायाम) परवानगी दिलीय, पण क्लासच्या ट्रेनरला अशा पेशंटचा अनुभव नाही. लिम्फेडेमाची, म्हणजे लिम्फ नोड्स काढल्यावर हाताला येऊ शकणाऱ्या सुजेची, भीती असताना मला घाई अजिबात नकोय. आम्ही कोथरूडला राहतो, घरी मॅटवरही चालेल.

ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा: सुरुवात कोणत्या व्यायामांनी केलीत, आणि हातांवर भार येणारे प्लँकसारखे प्रकार कधी, कोणाच्या देखरेखीखाली सुरू केलेत?